औषधात काय आहे, हे घराघरांत सांगणारे शंकर दाजीशास्त्री पदे. नाशिकला १९०७ मध्ये भरवलं वैद्यांचं पहिलं देशव्यापी संमेलन

नाशिक : पोट डब्ब झालं की ओवा-मीठ, मुरडा आला की मुरडशेंग उगाळून, तान्ह्या बाळाचं पोट दुखलं की बेंबीभोवती हिंगाचा लेप. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपासून निफाड-येवल्याच्या मळ्यांपर्यंत हे इलाज आजही चालतात. त्याच घरात फळीवर मेडिकलमधून आणलेली गॅसची पावडर असते, पाचक गोळ्यांची डबी असते, आणि कधीकधी आठवडे बाजारात रस्त्याकडेला बसलेल्या माणसाकडून घेतलेली, नाव-गाव नसलेली एखादी पुडीही असते. ओवा काय आहे हे घरातल्या म्हातारीला पुरतं ठाऊक असतं. त्या पुडीत काय आहे, हे मात्र घरात कोणालाच सांगता येत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाचं सगळं काम याच फरकाभोवती फिरलं. त्यांचं नाव आयुर्वेदमहोपाध्याय शंकर दाजीशास्त्री पदे. वैद्यकाच्या वर्तुळात हे नाव आजही आदरानं घेतलं जातं. आपल्या जिल्ह्याचा तर त्यांच्याशी थेट संबंध आहे, कारण देशभरातल्या वैद्यांची पहिली संघटना त्यांनी नाशिकमध्ये उभी केली. तरीही गावाकडं हे नाव फारसं ऐकू येत नाही. म्हणून त्यांच्या आयुष्याची ही ओळख.

जन्म पंडिताच्या घरात, काळ मोठा कठीण

पदेशास्त्रींचा जन्म १८६७ सालचा. वडील दाजीशास्त्री, म्हणजे घरात संस्कृतचं वातावरण. चरक, सुश्रुत, वाग्भट हे ग्रंथ मुळातून वाचता येतील एवढी भाषा त्यांच्याकडं होती. हे वाचायला सोपं वाटतं, पण त्या काळात ही मोठीच पुंजी होती. वैद्यकाचं सगळं ज्ञान संस्कृतात होतं आणि संस्कृत येणारी माणसं गावात एक-दोन.

दुसरीकडं सरकारी दरबारी आयुर्वेदाची किंमत उतरत चालली होती. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात चालणारं वैद्यकाचं शिक्षण १८३५ मध्ये बंद झालं आणि त्याच साली तिथं इंग्रजी पद्धतीचं मेडिकल कॉलेज निघालं. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथून बाहेर पडणारा डॉक्टर सरकारमान्य. गावातला वैद्य मात्र कोणत्याही कागदावर नाही. त्याची परीक्षा नाही, नोंद नाही, पदवी नाही. हातगुण चांगला असेल तर लोक येणार, नाहीतर नाही.

पण डॉक्टर होते किती? मोठ्या शहरात आणि तालुक्याच्या गावी दवाखाना. खेड्यातल्या माणसाला बैलगाडी जुंपून तिथवर जायचं तर दिवस मोडायचा. अजीर्ण, जुलाब, खोकला, ताप असल्या रोजच्या दुखण्याला कोण जाणार? माणूस गावातल्या वैद्याकडं जायचा, नाहीतर घरच्या बटव्यात हात घालायचा.

त्यात संकटं एकामागून एक. पटकीची साथ यात्रेच्या गावांना नवी नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तो पुढं घाटावर चढला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. उपाशी माणसाचं पोट आधी बिघडतं. म्हणजे ज्या दशकात औषधाची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच दशकात बहुतेकांच्या हाताशी भरवशाचा माणूस नव्हता.

बाटल्यांचा बाजार

ही पोकळी भरायला बाटल्या आणि डब्या आल्या. इंग्लंडातून हॉलोवेच्या गोळ्या आणि मलम यायचं, बीचमच्या गोळ्या यायच्या. एकाच गोळीनं अपचन, डोकेदुखी, अशक्तपणा, पित्त, बायकांची दुखणी, सगळंच बरं होतं अशी जाहिरात. आपल्याकडंही असे कारखाने निघाले. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर औषधी कारखाना सुरू केला. मुंबईत १८९३ मध्ये काशिनाधुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन बाम काढला. लाहोरची अमृतधारा आली. गिरगावातल्या डोंगरे यांचं बालामृत तर मराठी मासिकांच्या जाहिरातींमुळं घरोघरी पोचलं.

या सगळ्यांना एकाच तागडीत तोलणं बरोबर नाही. धूतपापेश्वरसारखे कारखाने जुन्या ग्रंथांतली औषधं मोठ्या प्रमाणावर आणि नीट तयार करायचे. पण पुष्कळशा डब्यांचा धंदा चालायचा तो गुपितावर. त्यांना म्हणायचे पेटंट औषधं. यात एक गंमत आहे. पेटंट घ्यायचं तर औषध कशाचं आणि कसं केलं ते सरकारकडं लिहून द्यावं लागतं, आणि मुदत संपली की ती कृती सगळ्यांना खुली होते. म्हणून बहुतेक पेटंट औषधवाल्यांनी कधी पेटंट घेतलंच नाही. नाव, डबी, चित्र यांवर हक्क ठेवला आणि आतल्या जिनसा झाकून ठेवल्या. नाव पेटंट, औषध गुप्त.

झाकण्याची सवय फक्त कारखानदारांना होती असंही नाही. आपल्या वैद्यांच्या घराण्यांतही ती होती. गुणकारी औषध बापानं मुलाला सांगायचं, मुलगा नसेल तर पुतण्याला, आणि तोही नसेल तर औषध वैद्याबरोबर सरणावर जायचं. शिष्याला शिकवतानाही एखादी जिन्नस हातची राखून ठेवायची. अशी किती औषधं गेली, त्याची मोजदाद नाही.

'आर्यभिषक्' : कृती उघड करणारं पुस्तक

पदेशास्त्रींनी नेमकं याच्या उलट केलं. जे ठाऊक आहे ते मराठीत लिहायचं, छापायचं आणि विकायचं. मुंबईच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांतून वैद्यकाचे संस्कृत ग्रंथ तेव्हा बाहेर पडू लागले होते. पण ते वाचणार कोण, तर संस्कृत येणारेच. पदेशास्त्रींनी पुढची पायरी गाठली. 'राजवैद्य', 'आर्यभिषक्' अशी मासिकं त्यांनी चालवली. पुढं हिंदी वाचकांसाठी 'सद्वैद्यकौस्तुभ' काढलं. आणि सगळ्यात जास्त टिकलं ते त्यांचं पुस्तक, 'आर्यभिषक् अथवा हिंदुस्थानचा वैद्यराज'.

पुस्तकाचं नाव भारदस्त, पण आतला कारभार घरगुती. हळद, सुंठ, ओवा, जिरं, हिंग, लिंबू, ताक अशा रोज हाताला लागणाऱ्या जिनसा. त्यांचे गुण काय, त्या कशावर चालतात, किती घ्यायच्या, कशाबरोबर घ्यायच्या. काढा कसा करायचा, चूर्ण कसं करायचं, याची माहिती. ज्याला अक्षर ओळखता येतं अशा कोणत्याही माणसानं हे पुस्तक उघडावं आणि त्याला समजावं, अशी त्याची मांडणी. घरात एक शिकलेला असला की पुरे, बाकीच्यांना तो वाचून दाखवायचा.

हे पुस्तक गुजरातीतही गेलं आणि तिथं तर ते घराघरांतलं पुस्तक झालं. आजही गुजरातीत ते छापलं जातं. लेखक जाऊन शंभरावर वर्षं झाली तरी घरगुती औषधांचं पुस्तक विकलं जातंय, ही साधी गोष्ट नाही.

त्या काळी अशा पुस्तकाचा उपयोग काय होता, हे समजायला एकच उदाहरण घेऊ. हिंगाष्टक चूर्ण. अपचन, पोटफुगी, करपट ढेकर यांवर आपल्याकडं हेच सर्रास घेतात. मेडिकलमध्ये मिळतं, किराणा दुकानातही मिळतं. त्यात आठ जिनसा : सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं, सैंधव आणि तुपात भाजलेला हिंग. जेवताना पहिल्या घासाला, भात आणि तुपाबरोबर घ्यायचं. संपलं. ही कृती वाग्भटाच्या ग्रंथापासून चालत आलेली आहे, ती कोणा एकाच्या मालकीची नाही. ज्याला ती माहीत आहे त्याला दुकानातल्या डबीची किंमत बरोबर आहे का, हिंग खरा आहे का, नुसतं मीठच जास्त घातलंय का, हे तपासता येतं. ज्याला माहीत नाही तो डबीवरच्या चित्रावर विश्वास ठेवतो.

दुसरं उदाहरण अमृतधारेचं. ओव्याचं फूल, कापूर आणि पेपरमिंटचं फूल या तिन्ही कोरड्या जिनसा बाटलीत एकत्र केल्या की थोड्या वेळात आपोआप पातळ होतात. पाहणाऱ्याला चमत्कार वाटावा. त्या पाण्यासारख्या औषधाचा एखाद-दुसरा थेंब बत्ताशावर घालून पोटदुखीला देतात. कृती ठाऊक नसेल तर ती जादू, ठाऊक असेल तर तीन पुड्या. आणि ठाऊक असण्याचा आणखी मोठा फायदा म्हणजे यात कापूर आहे हे कळतं, म्हणजे लहान मुलाला हे पाजायचं नाही हेही कळतं.

रानातल्या झाडपाल्याची नोंदवही

पदेशास्त्रींचं दुसरं मोठं काम म्हणजे 'वनौषधि गुणादर्श'. अनेक भागांत निघालेल्या या ग्रंथात औषधी वनस्पती, त्यांची नावं, गुण आणि उपयोग दिलेले आहेत. वनस्पतींच्या नावांचा घोळ हा वैद्यकातला जुना त्रास. संस्कृतात एक नाव, मराठीत दुसरं, कोकणात तिसरं, आदिवासी भागात चौथं. एका नावाखाली दोन वेगवेगळी झाडं. औषध घेणाऱ्याच्या जिवाशी येणारी ही गोष्ट. त्यामुळं नावं जुळवून, गुण लिहून ठेवणं हे कंटाळवाणं पण फार गरजेचं काम होतं.

आपल्या जिल्ह्याला याचं मोल जास्त कळायला हवं. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा हा सह्याद्रीचा पट्टा. इथल्या रानात बेहडा, कुडा, मुरडशेंग, बेल, आवळा ही झाडं पिढ्यानपिढ्या औषधाला वापरली जातात. कुड्याची साल जुलाब-आवेवर वापरतात. तीच साल पुढं कारखान्यात गेली की तिचं कुटजारिष्ट होतं, कुटजघन वटी होते. हिरडा, बेहडा, आवळा एकत्र आले की त्रिफळा. रानातून गोळा करणाऱ्याच्या हातात पडणारे पैसे आणि डबीवरची किंमत यांचं गणित वेगळं सांगायला नको. पण निदान आपण गोळा करतो ते कशात जातं, हे लिहून ठेवलेलं आहे. ते लिहिणाऱ्यांमध्ये पदेशास्त्रींचं नाव वरच्या बाजूला आहे.

१९०७ : नाशिकला देशभरच्या वैद्यांची हाक

पुस्तकं आणि मासिकं एका बाजूला. पण वैद्य मात्र विखुरलेले. बंगालचा वैद्य महाराष्ट्राच्या वैद्याला ओळखत नाही. शिकवण्याची एक रीत नाही, अभ्यासक्रम एक नाही, परीक्षा नाही. कोणीही पाटी लावावी आणि वैद्यराज म्हणवून घ्यावं. त्यामुळं खरा वैद्य आणि भोंदू यांतला फरक लोकांना कळायचा तरी कसा?

यावर पदेशास्त्रींनी काढलेला मार्ग म्हणजे वैद्यांची अखिल भारतीय संघटना. १९०७ मध्ये नाशिकला पहिलं आयुर्वेद संमेलन भरलं आणि त्यातून पुढं निखिल भारतवर्षीय आयुर्वेद महासंमेलन या नावानं ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. आयुर्वेदाच्या क्षेत्रातली देशपातळीवरची ही पहिली संघटना. तिची सुरुवात कलकत्त्यात झाली नाही, दिल्लीत झाली नाही, गोदाकाठी झाली.

त्या वेळचं नाशिक कसं होतं, हे लक्षात घेतलं तर यात नवल वाटत नाही. यात्रेचं गाव म्हणून देशभरातल्या माणसांची ये-जा. शास्त्री-पंडितांची घरं. मुंबईहून रेल्वेची सोय. आणि हवेत स्वदेशीचं वारं. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ पासून परदेशी मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली होती. नाशिकमध्ये तर १९०४ मध्ये अभिनव भारत संघटना निघाली होती. परदेशी कापड टाकून खादी-हातमाग घ्यायचा असेल, तर परदेशी बाटलीऐवजी देशी औषध का नको, असा विचार माणसांच्या मनात येणं साहजिक होतं. पण देशी औषध घ्या म्हणणं सोपं. ते देणारा माणूस शिकलेला आहे, याची हमी कोण देणार? त्यासाठी संस्था लागते, परीक्षा लागते. संमेलनाच्या जोडीनं आयुर्वेद विद्यापीठाची कल्पना आली ती यासाठी. या विद्यापीठाच्या परीक्षा पुढं कितीतरी वर्षं देशाच्या वेगवेगळ्या भागांत होत राहिल्या आणि त्यातून पदवी घेतलेले वैद्य गावोगाव बसले.

दुसरं संमेलन १९०८ मध्ये पनवेलला भरलं. पनवेल म्हणजे धूतपापेश्वर कारखान्याचं गाव. ग्रंथात लिहिलेलं औषध हातानं खलात घोटणारे वैद्य आणि तेच औषध कारखान्यात करणारी माणसं एका मांडवाखाली आली, असं म्हणायला हरकत नाही.

४२ व्या वर्षी अखेर

संस्था रांगायला लागली होती, तेवढ्यात १९०९ मध्ये पदेशास्त्री गेले. वय उणंपुरं ४२. दोन संमेलनं पाहिली, तिसरं पाहायला ते राहिले नाहीत. अशी कामं बहुतेक वेळा माणसाबरोबरच संपतात. मासिकं बंद पडतात, संघटनेचे कागद कोणाच्या तरी माळ्यावर जातात.

इथं तसं झालं नाही. अलाहाबादचे वैद्य जगन्नाथप्रसाद शुक्ल आणि इतरांनी काम पुढं नेलं. तिसरं संमेलन अलाहाबादला भरलं आणि महासंमेलन पुढं चालत राहिलं. नाशिकला लावलेलं रोप गंगाकाठी वाढलं.

योगायोग असा, की पदेशास्त्री गेले त्याच १९०९ साली लंडनमध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं एक पुस्तक छापलं. बाजारातली नामांकित गुप्त औषधं प्रयोगशाळेत तपासून, त्यांत काय आहे आणि त्याचा खर्च किती, हे त्यात उघड केलं होतं. जगभर खपणाऱ्या बीचमच्या गोळ्यांत निघालं काय? कोरफडीचा कडू बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या डबीची किंमत एक शिलिंग दीड पेनी, आणि आतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. म्हणजे घेतलेल्या पैशाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. बाकी सगळा पैसा नावाचा आणि जाहिरातीचा. अमेरिकेत १९०६ मध्येच कायदा झाला होता, की औषधात दारू किंवा अफू असेल तर डबीवर तसं लिहिलंच पाहिजे. कारण बाळांना शांत झोपवणाऱ्या गोड औषधांत अफूचा अर्क निघत होता. आपल्याकडंही गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवायच्या. गरिबीनं द्यायला लावलेली ती गोळी होती. पण मुळात गुपित म्हणून विकलं जाणारं औषध लेकराच्या जिवावर कसं उठतं, हे त्यातून सगळ्या जगाला कळलं.

पुढं काय झालं

पदेशास्त्रींनी मागितलेली मान्यता यायला वेळ लागला. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्यात वैद्यांना जागा नव्हती. १९३८ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली. म्हणजे नाशिकच्या संमेलनानंतर ३१ वर्षांनी. आज पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकलाच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला. राज्यातल्या आयुर्वेदाच्या पदव्या तिथून दिल्या जातात. १९०७ मध्ये याच गावात वैद्यांनी परीक्षा आणि पदवीचा विषय काढला होता. आज त्याच गावातून राज्याच्या पदव्या निघतात.

गुप्त औषधांच्या बाबतीतही कायदा आला. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ मध्ये दुरुस्ती होऊन आयुर्वेदिक औषधं त्याखाली आली. आता कंपनीनं स्वतःच्या नावानं काढलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर आतल्या जिनसा लिहाव्या लागतात. परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता हेही लागतं. १९५४ च्या कायद्यानं मधुमेह, कॅन्सर, मूतखडा अशा आजारांवर हमखास इलाजाच्या जाहिराती करायला बंदी आहे.

पुस्तकाची ताकद, पुस्तकाची मर्यादा

पदेशास्त्रींचा मोठेपणा सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. घरगुती औषधाचं पुस्तक दुधारी असतं. अपचनाला ओवा ठीक. पण पोट दुखतंय ते अपचनानं की अपेंडिक्सनं, हे पुस्तक सांगू शकत नाही. मिठाचं प्रमाण जास्त असलेली चूर्णं रक्तदाबाच्या माणसानं रोज खाल्ली तर अपाय होतो. त्यांच्या काळातल्या प्लेगवर ना वैद्याकडं खात्रीचं औषध होतं ना डॉक्टरकडं. जुन्या ग्रंथात आहे म्हणून सगळं आजही जसंच्या तसं घ्यायचं, असं होत नाही.

पण याचं उत्तर त्यांच्याच कामात आहे. त्यांनी घरासाठी पुस्तक लिहिलं आणि त्याच वेळी शिकलेला, परीक्षा दिलेला वैद्य तयार व्हावा म्हणून संस्था काढली. दोन्ही एकदम. रोजच्या किरकोळ दुखण्याला घर, त्यापुढच्याला जाणकार माणूस. घराला सगळं येतं असंही नाही आणि माणसाला काहीच कळत नाही असंही नाही.

आणि कृती उघड असली की ती तपासता येते, सुधारता येते, हाही फायदा आहेच. जुलाबाचंच बघा. शंभर वर्षांपूर्वी पटकीनं माणसं मरायची ती अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाणी यांच्या साध्या मिश्रणावर हजारो माणसं वाचवली. त्या मिश्रणावर कोणी मालकी सांगितली नाही, कृती जगाला खुली केली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जुलाब होणाऱ्या लेकराला घोट-घोट पाजत राहायचं आणि दवाखान्याच्या वाटेला लागायचं. जुलाबावरचं इतकं स्वस्त आणि इतकं गुणकारी औषध दुसरं नाही, आणि त्यात काहीही गुप्त नाही.

आपण काय करायचं

आजही आठवडे बाजारात, यात्रेत, आणि आता मोबाइलवरही सांधेदुखीची, गॅसची, शुगरची पुडी विकली जाते. शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही, असं सांगितलं जातं. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, आणि वर्षभरानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, अंगावर सूज येते. घेणाऱ्याला वाटतं आयुर्वेदानं घात केला. घात आयुर्वेदानं केलेला नसतो, पुडीतल्या न लिहिलेल्या जिनसेनं केलेला असतो.

त्यामुळं डबी हातात घेतली की आधी मागची बाजू बघावी. जिनसा लिहिल्यात का, परवाना क्रमांक आहे का, कोणी आणि कुठं बनवलंय, मुदत कधी संपते. यातलं काही नसेल तर ती पुडी पोटात घालू नये. विकणाऱ्याला सरळ विचारावं, यात काय आहे. सांगता येत नसेल किंवा सांगायचं नसेल, तर आपणही पैसे द्यायचे नाहीत. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात कळवता येतं. पोटदुखी एका जागी धरून राहिली, उलटी थांबेना, शौचातून रक्त गेलं, किंवा लेकरू मलूल पडलं, तर चूर्ण-काढ्यात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.

पदेशास्त्रींनी आयुष्यभर जे लिहिलं, त्याचं सार एवढंच निघतं. औषध चांगलं असेल तर ते लपवायचं कारण नाही. १९०७ मध्ये आपल्या नाशिकात देशभरचे वैद्य जमवणाऱ्या या माणसाची आठवण ठेवायची तर पुतळ्याची गरज नाही. औषधाची पुडी उघडण्याआधी त्यात काय आहे, हे विचारलं तरी पुरे.